मधमाश्यांच्या राणीची ओटी

सोनाळा, माघ महिना, १९६३

राजमान्य राजश्री शेषरावजी व्याहीसाहेब यांचे सेवेशी भगवंतरावाचा रामराम. इकडे सगळे खुशाल आहे (माझे नाक सोडून). आपले गुडघे, आपली म्हैस आणि आमची सिंधू सुखात असावी. दोन घरांत एका नाल्याचे अंतर असताना पत्र कशाला, असे आपण म्हणाल. पण सिंधूच्या लग्नात भर पंगतीत आपण माझ्या बागेविषयी बोललात, "झाडं मस्त हायेत व्याहीबुवा, सावलीले!" तेव्हाच मी शपथ घेतली, या लिंबांना फळ धरेपर्यंत आपल्या अंगणात पाऊल ठेवायचे नाही. शपथ कायम आहे, म्हणून पत्र सिंधूच्या हाती देतो.

तर अभिमानाने कळवतो की उभ्या सोनाळ्यात मधमाश्यांची पहिली पेटी माझ्या बागेत आली. माश्या फिरल्या की फळ धरते, हे मी बुलढाण्याच्या शिबिरात शिकलो (पहिल्या रांगेत बसून). पेटी बसच्या टपावर टाकू दिली नाही, जळगाव जामोदपासून मांडीवर आणली. आत काय आहे हे कळताच अख्ख्या बाकावर मी एकटा होतो. एवढा मान आमदारालाही मिळत नसेल.

पेटीत राणी असते, हे मात्र घरात सांगायला नको होते. सौ. सत्यभामाबाई पदर खोचून उभ्या राहिल्या. "रानी पहिल्यांदा घरी आली, अन् तिची ओटी नाही भराची काय? लोकं काय म्हन्तीन?" म्हटले, होऊ द्या. (मधमाशीची ओटी भरणारे दुसरे घर जिल्ह्यात दाखवा.) डफडे वाजले, उदबत्त्या खोचल्या, हळदकुंकू झाले, आणि राणीला पदर नसल्यामुळे बायांनी ओटीचे तांदूळ पेटीच्या दारातूनच आत लोटले. दार बुजले. आतली गुणगुण वाढली. तिला आनंद झाला असे समजून मी झाकण उघडून दर्शनाला वाकलो. पुढचे आपण नाल्यापलीकडून ऐकलेच असेल. डफडेवाला डफडे टाकून पळाला. मी जागचा हललो नाही (धोतर कुंपणात अडकले होते).

बाकी माश्या उत्तम आहेत. बाग लिंबाच्या फुलांनी पांढरी झाली आहे. यंदा टोपलेभर लिंबे धाडीन, तेव्हा ते सावलीचे बोलणे परत घ्यावे.

आपला,
भगवंतराव

ता. क. माश्या सध्या पेटीत नाहीत. त्या आपल्या अंगणातल्या शेवग्याला लोंबल्या आहेत, असे सिंधू सांगते. कृपा करून दगड मारू नका, धूर करू नका. त्या आणखी कुठे उडाल्या तर माझा बहर यंदाही नुसता झडेल.

पुन्हा ता. क. त्यांना आणायचे तर मला आपल्या अंगणात यावे लागेल, आणि फळ अजून धरलेले नाही. लग्नापासून लेकीचा संसार मी नाल्याच्या अलीकडूनच पाहतो, याचे फार वाईट वाटते. पण व्याह्याने स्वतः बोलावले तर नाही म्हणायची आमच्या घराण्यात रीत नाही. तेव्हा आपणच "या" म्हणावे. मी रिकामी पेटी डोक्यावर घेऊन नाल्याशी उभाच आहे. जरा मोठ्याने म्हणावे, कानही सुजला आहे.