धूर दुभंगला तो कोपरा

सोमवार, ४ तारीख

पहिला दिवस झकास गेला! इंजेक्शनच्या बाटल्या भरायची खोली माझ्याकडे आली. आईला फोनवर सांगितलं, घरभर पसारा घालणारी तुझी लेक आता स्वच्छतेवर देखरेख करणार. ती हसतच सुटली.

खोली पाहून मीच हरखले. छतभर फिल्टर. त्यांतून गाळलेली हवा सरळ खाली उतरते आणि भिंतींच्या तळाशी असलेल्या जाळ्यांतून निघून जाते. जाताना कण न् कण घेऊन जाते. आतला दाबही बाहेरपेक्षा जास्त. दार उघडलं की हवा बाहेर धावते, धूळ आत शिरूच शकत नाही. साहेब म्हणाले, या खोलीत घाण एकच, माणूस. मी हसले. ते हसले नाहीत.

बुधवार, ६ तारीख

माणसं भारी तुसडी आहेत इथली. डबा खायला माझ्या शेजारी कुणी बसत नाही. पॅकिंगच्या काकू तेवढ्या बघतात, त्याही चोरून. आत जाताना घालायला मला दिलेला पांढरा सूट आधी कुणाचा तरी होता. काखेत शिवण घातली आहे.

एका कोपऱ्यातलं कण मोजायचं यंत्र मध्येच ओरडतं. खोली रिकामी, आणि आकडा मात्र तिथे माणूस उभा असल्यासारखा! साहेबांनी सगळ्यांसमोर माझी खरडपट्टी काढली. म्हणे मीच नीट धुवून-पुसून आत जात नाही.

शनिवार, ९ तारीख

हवा कशी वाहते ते बघायला आज छताखाली पांढरा धूर सोडला. आम्ही काचेबाहेर होतो. धूर पडद्यासारखा सरळ उतरत होता. त्या कोपऱ्यात मात्र तो दुभंगला. वर डोक्याएवढी गोलाई. मग खांदे. जमिनीशी जाऊन पुन्हा जुळला.

तिथे काहीही नव्हतं.

साहेबांनी घाईघाईने धूर बंद करायला लावला. या कानाचं त्या कानाला कळता कामा नये, म्हणाले.

मंगळवार, १२ तारीख

काकूंना गाठलंच. माझ्या आधीची बाई आत काम करताना कोसळली होती. बाटल्या उघड्या होत्या, दार उघडलं तर सगळा माल वाया जाणार, म्हणून साहेबांनी भरणं संपेपर्यंत कुणाला आत सोडलं नाही. ती सरपटत त्याच कोपऱ्यातल्या काचेपाशी आली, काच थोपटत राहिली, तिथेच गेली. काकू म्हणाल्या, "आणि आम्ही सगळे नुसते बघत होतो गं."

मग हळूच म्हणाल्या, "तो सूट घालू नकोस, पोरी. तिचा आहे."

दुसरा मागितला. साहेब म्हणाले, नोकरी नको असेल तर तसं सांग.

गुरुवार, १४ तारीख

कोपऱ्यातलं यंत्र गप्प झालंय. आता माझ्या टेबलाजवळचं ओरडतं. आणि वरून मानेवर येणारा झोत — तो येतच नाही. मध्ये कुणीतरी —

शुक्रवार

नोकरी सोडली. साहेब म्हणाले, आजची पाळी तरी पुरी कर.

शुक्रवार, दुपार

आत वही नेता येत नाही. रीडिंगच्या कागदावर लिहितेय.

आत जायच्या वाटेवरच्या, दोन दारांच्या मधल्या छोट्या खोलीत अडकलेय. एक दार उघडं असलं की दुसरं उघडत नाही. आतलं दार बोटभर उघडं आहे. पाठ लावून ढकलतेय, लागत नाही. पलीकडून कुणीतरी धरलंय —

हवा बाहेर यायला हवी. उलटी आत ओढतेय. मला —

काचेपलीकडे काकू आहेत. बाहेरचं दार ओढतायत. साहेबही. साहेब रडतायत.

तिला बाहेर यायचंच नाही. त्यांनी नुसतं बघत राहावं, एवढंच हवंय तिला. पुन्हा. मला आत घेऊन —