दहावी पिशवी

मासूमाआपा,

तुला मजीदचा सलाम, आणि तुझ्या गुडघ्यालाही, कारण आपल्या घरात माझ्याइतकी कुरकुर तोच करतो. पडवीची कौलं कुणी शाकारली का? (गेल्या साली मी माणूस पाठवला, तर तू त्याला जेवू घालून परत लावून दिलंस.) फोनवर तू "बरी हाय" एवढंच बोलून ठेवतेस, म्हणून पत्र. आपली सून तस्नीम ठीक आहे. मी नाही.

नबीलचं जहाज तांबड्या समुद्राकडे निघालं, त्या दिवशी मी अल्लाची कसम खाल्ली, की पोरगा सुएझला लागेपर्यंत चहा घेणार नाही. तुला हसू येईल. तीस वर्षं जहाजाच्या भटारखान्यात भंडारी म्हणून सव्वीस माणसांचा चहा उकळला, आणि दर वेळी पहिला कप मीच प्यायलो (चव बघायला). पण सोडायचं तर जिवाला लागेल असंच सोडावं. कारलं सोडून कुणाला पुण्य लागलंय? तीन दिवस डोकं ठणकलं, पाचव्या दिवशी मांजरावर ओरडलो. तस्नीम बोलली, "चाय तुमी सोडलात, पण आमी काय गुन्हा केला?" मी मात्र मनातून खूश होतो, हे कबूल करतो. सोडण्याचाही एक तोरा असतो. कुणी कप पुढे केला की मी हात असा हलवायचो, की समोरच्याने कारण विचारलंच पाहिजे.

मोबाइलवर जहाजाचा ठिपका दिसतो. सोमवारी दुपारी तो नाहीसा झाला. तस्नीमचा भाऊ फुजैल म्हणतो, हल्ल्याच्या भीतीने तिथे जहाजं मुद्दामच आपला ठिपका बंद करतात. असेल. पण आपा, त्याच सकाळी मी मिरजोळ्याला एका मयताच्या घरी बसलो होतो आणि समोर ट्रे आला, वेलचीच्या वासाचा. मी विसरलो नव्हतो. पूर्ण शुद्धीत कप उचलला आणि बशीत ओतून प्यायलो. सकाळी चहा, दुपारी ठिपका गेला. आज चार दिवस झाले. तस्नीम भाकरी थापता थापता थांबते, मोबाइल बघते, पुन्हा थापायला लागते. तिला कपाचं सांगायची माझी हिंमत नाही.

सोमवारीच संध्याकाळी मौलानांकडे गेलो. त्यांनी विचारलं, विसरून घेतलात का? तसं असेल तर माफ आहे. 'हो' अगदी जिभेवर आलं होतं, पण पोर समुद्रावर असताना खोटं बोलवेना. मौलाना म्हणाले, जहाज काही तुमच्या कपावर चालत नाही, मजीदभाई. पण कसम मोडलीत, तेव्हा दहा गरजूंना एकेक माप तांदूळ द्या.

मी दहा पिशव्या भरल्या आणि निघालो. आपा, रत्नागिरीत गरीब माणूस मिळत नाही. ज्याच्या घराला दार नाही तोसुद्धा मला म्हणाला, "गरीब कुणाला बोलता? माझा पोरगा कुवेतला हाय," आणि वर चार बांगडे बांधून दिले. शिवाय प्रत्येक घरी आधी चहा आला. (घेतला नाही.) तीन दिवसांत कशाबशा नऊ पिशव्या गेल्या. दहावी टेबलावर आहे.

तुझा भाऊ,
मजीद

ता.क. मौलानांना विचारलं, बहिणीला दिलेलं चालतं का. म्हणाले, खरंच गरजू असेल तर आधी तिलाच. रागावू नकोस. भावजी गेल्यापासून तू कुणाच्या हातचं काही घेतलं नाहीस, माझ्यासुद्धा. मला एक चहा सुटला नाही, तू एकदाच मानीपणा सोड. मच्छीचा टेम्पोवाला विठू पिशवी आणून देईल. नबीलसाठी तरी परत पाठवू नकोस.

ता.क. दुसरा. पाकीट बंद करणार एवढ्यात फुजैल पळत आला. ठिपका दिसला, जहाज सुएझला लागलं. तस्नीम रडते आहे आणि रडत रडत तिने चहा टाकलाय. म्हणजे नबीलचं कारण आता उरलं नाही. तरी पिशवी ठेवून घे, आपा. ती उतरवून घेतल्याचा तुझा फोन येईपर्यंत मी चहाला हात लावणार नाही. कसम मात्र घेतलेली नाही.