आईंची दुपार

९ मार्च, सोमवार

प्रिय ताईंना,

भावजयीचा नमस्कार. आम्ही बरे आहोत, तुमच्या घरीही सगळे बरे असतील. पिटुकली आता मान धरते आणि कुणी शिंकलं की हसते. तुमचा भाऊ ट्रक घेऊन लांबच्या फेरीला गेलाय, घरातला एकच फोन तो त्याच्यासोबत, म्हणून कागद घेतला. माझं अक्षर तुम्हाला ठाऊक आहे. चालवून घ्या.

लिहायचं कारण म्हणजे आई.

घाबरू नका. पण कारखान्यातलं काम सुटल्यापासून आई दुपारी झोपतात. जरा लवंडतात असं नाही, झोपतात. तयारी करून. जेवण झालं की खिडकीला चादर लावतात. भिंतीवरच्या घड्याळावर टॉवेल टाकतात, म्हणतात, "याला कळायला नको मी कुठं आहे ते." दाराच्या कडीला लाल चिंधी बांधतात. ती दिसली की दूधवाला असो नाहीतर पेपरवाला, कुणी कडी वाजवायची नाही. मग दात काढून वाटीत आणि चष्मा बुटात. बुटात का, तर म्हणे उठल्यावर बूट घालताना आपोआप सापडतो. एकदा तसाच पाय घातला, काच गेली. तरी बुटातच.

मग पिटुकलीला कुशीत घेऊन पडतात, आणि चेहरा असा की कुणी गाव इनाम दिलंय.

मी एकदा म्हटलं, "आई, दुपारी झोपलं की रात्री झोप येत नाही म्हणतात."

"न येईना का," म्हणाल्या. "रात्रीची झोप ही गरज, ती गाढवालाही असते. दुपारची झोप ही मिजास. जन्मभर दुपार मी उभ्यानं काढली. आता आडवी होऊन बघते कशी दिसते."

मी तेव्हा पुढच्या खोलीत मशीनवर असते. शर्टाच्या बाह्या येतात मला शिवायला, गठ्ठ्यानं. दोन खोल्यांच्या मधे नुसता पडदा. अधूनमधून उठून बघते. भीत नाही मी, नुसती बघते. दोघी इतक्या गप असतात ना, ताई. आईंचा हात पिटुकलीच्या अंगावर, आणि हात जड आहे त्यांचा, बाटल्यांची खोकी उचललेला. मग मी स्टीलचा चमचा घेऊन जाते आणि नाकासमोर धरते, आधी एकीच्या, मग दुसरीच्या. चमच्यावर वाफ धरली की परत मशीनवर. चार बाह्या होतात न होतात तोच वाटतं, मघाचं मघा झालं, आत्ताचं काय?

दुपारी कुणी झोपलेलं मला लहानपणापासून बघवत नाही. ते जाऊ दे.

सांगायचं ते हे, की आई बऱ्या नाहीत. इतकं झोपूनही दमलेल्या दिसतात. परवा जेवताना घास हातात आणि डोळे मिटलेले. चहात मीठ घातलं आणि पिऊनही टाकला, पत्ता नाही. डोळ्यांखाली काळं आलंय. एवढं झोपून माणूस सुकतं म्हणजे आत काहीतरी असणार. तुमच्याकडं मोठा दवाखाना जवळ आहे आणि तुमची मागची खोली शांत आहे. थोडे दिवस घेऊन जा त्यांना. मागं तुमच्याकडं आल्या होत्या तेव्हा दोन दिवसांत परतल्या, ते मनात ठेवू नका. आणि मी लिहिलं हे त्यांना सांगू नका.

माझं काय, मी पिटुकलीला घेऊन राहीन. मी जागीच असते.

तुमची,
भावजय


१९ मार्च, गुरुवार

ताई,

नमस्कार. तुमचं उत्तर मिळालं. रविवारी गाडी घेऊन येताय, डॉक्टरची वेळ घेतलीत, खोलीला नवा पडदा लावलात. माझ्या एका चिठ्ठीवर एवढं सगळं केलंत. आता मी जे लिहिणार आहे त्यानं तुम्हाला राग येईल. येऊ दे. आईंना नेऊ नका.

नीट सांगते.

तुमचं पत्र आलं तेव्हा आई दारातच होत्या. म्हणाल्या, "लेकीचं दिसतंय. वाच मोठ्यानं." मी वाचलं, पण रविवारचं तेवढं गाळलं. मला गाळता येत नाही, ताई. माझे कान लाल होतात.

"मधलं गिळलंस ते ओक," आई म्हणाल्या.

ओकलं. सगळं.

"मला दवाखान्यात? कशाला? मला काय धाड भरलीय?"

"तुम्ही जेवताना पेंगता, आई. दुपारभर झोपूनसुद्धा."

"दुपारभर?" त्यांनी कमरेवर हात ठेवले. "कोण झोपतंय दुपारभर? तू झोपू देतेस का, बये?"

मला कळेना. मी तर चोरपावलांनी जाते. चप्पलसुद्धा घालत नाही.

तेव्हा त्यांनी सांगितलं. तुम्ही त्यांची लेक, पण तुम्हालाही हे माहीत नसेल, कारण कारखान्यातलं त्या घरी बोलतच नाहीत. बाटल्या भरायच्या पट्ट्यावर बायकांना पाळीनं विसावा असायचा. झोपायला जागा कुठं, तर मशीनच्या मागं, रिकाम्या खोक्यांच्या आडोशाला, पोत्यावर. खडखडाट इतका की शेजारच्या बाईची शिवीही ऐकू यायची नाही. त्या खडखडाटात आईंना गाढ झोप लागायची. पण पट्टा थांबला की ताडकन उभ्या. "थांबला म्हणजे बाटली फुटली," आई म्हणाल्या, "नाहीतर साहेब आला, नाहीतर कुणाचा हात गेला. तिन्हीत झोपून चालायचं नाही."

"मग?"

"मग काय? तुझं मशीन चाललं की मी झोपते. ते थांबलं की मला जाग येते. तू सारखं थांबवतेस, मी सारखी उठते. एवढंसुद्धा डोकं चालत नाही होय?"

मी म्हटलं, "पण मी चमचा धरते तेव्हा तुमचे डोळे मिटलेले असतात."

"मुद्दाम मिटते. म्हटलं पोर घाबरलीय, बघू दे. उलट मी जोरात श्वास सोडते, चमचा लवकर भिजावा म्हणून. तू गेलीस की जरा डोळा लागतो, तोवर तुझं मशीन पुन्हा बंद."

म्हणजे ताई, त्यांची झोप मीच खात होते, आणि झोप नाही म्हणून त्या पेंगत होत्या, आणि त्या पेंगतात म्हणून मी आणखी उठून बघत होते. आणि वर तुम्हाला लिहिलं, घेऊन जा.

मी तिथंच खाली बसले. आईंनी विचारलं, "एवढं भ्यायला झालंय काय तुला? पोर चांगली टुणटुणीत आहे."

मग मी सांगितलं. तुमच्या भावालाही हे नीट सांगितलेलं नाही. माझी स्वतःची आई अशीच एका दुपारी पडली होती. मी तिच्या पायाशी खेळत होते. शेजारीण डोकावली, तिलाही काय ठाऊक, ती म्हणाली, आई दमलीय, झोपू दे, आवाज करू नकोस हं. मी केला नाही. माझ्याकडं बटणांची डबी होती. ती न वाजवता खेळले. शहाणी म्हणतील मला, असं वाटलं होतं. मग संध्याकाळी बाबा आले.

आईंनी पिटुकलीचं टोपडं उगाच सारखं केलं. मग म्हणाल्या, "तू आवाज केला असतास तरी ती उठली नसती."

एवढंच. ताई, इतक्या वर्षांत हे मला कुणी म्हटलं नव्हतं. मीही कुणाला विचारलं नव्हतं.

वाटलं आता जवळ घेतील, पाठीवरून हात फिरवतील. कसलं काय. उठल्या, घड्याळावर टॉवेल टाकला, दात वाटीत टाकले आणि बोळक्या तोंडानं म्हणाल्या, "जा, बाह्या शिव. मी झोपते. बघायला उठायचं नाही. पोर रडली तर मी आहे. माझा हात जड असेल, आंधळा नाही."

बसले मशीनवर. पाय चालू ठेवले. तुम्हाला सोपं वाटेल वाचायला. पण मला पडद्यापलीकडं काही ऐकू येत नव्हतं, आणि ऐकायचं तर पाय थांबवायला हवा, आणि थांबवला तर त्या उठणार. एक बाही उलटी शिवली. दोन बाह्या एकमेकींनाच जोडल्या, तो शर्ट घालायचा तर माणसाला हात बांधून फिरावं लागेल. एकदा अर्धी उठलेसुद्धा, पण एक पाय पट्टीवर मारतच राहिले, बगळ्यासारखी. आणि मग, मशीनच्या वरताण, पडद्यामागून घोरणं आलं.

आई घोरतात, ताई! त्यांचा कारखाना सुटल्यापासून मी रोज दुपारी त्यांना बघत होते आणि त्यांचं घोरणं मी कधी ऐकलंच नव्हतं. घोरण्यापर्यंत त्यांना मी पोचूच दिलं नव्हतं. त्यात मधेच पिटुकली कुरकुरली, तर त्यांनी झोपेतच "हां हां" केलं, आणि ती गप झाली.

उन्हं उतरली तेव्हा उठल्या. केस पिंजारलेले, गालावर उशीची घडी उमटलेली, तोंडावर गाजरासारखा रंग. म्हणाल्या, "चहा टाक. आणि बिस्किटं लपवलीस ती काढ." त्या दिवसापासून पेंगणं नाही, डोळ्यांखालचं काळं ओसरलंय, आणि माझ्या चुका काढायला अंगात जोर आलाय. काल म्हणाल्या, माझ्या हातचा चहा म्हणजे आजाऱ्याची आंघोळ. बऱ्या झाल्यात म्हणून समजा.

आता दुसरं. आईंनी पाळी लावलीय. पट्ट्यावर एक बाई झोपली की दुसरी तिचं काम बघायची, आणि मग उलट. "पाळी सगळ्यांना," म्हणाल्या. "मी उठले की तू पडायचं."

मी म्हटलं, "मला दुपारी झोप येत नाही."

"नको येऊ दे. नुसती आडवी हो. झोप मांजरासारखी असते, बोलावलं की येत नाही. दुसरीकडं बघ, येऊन बसेल."

पहिले काही दिवस छताकडं बघत पडून राहिले. छताला एक डाग आहे, त्याचं तोंड आमच्या वाण्यासारखं आहे, हे कळलं. काल मात्र झोपले. कधी झोपले ते ठाऊक नाही. जाग आली तर आई पिटुकलीला मांडीवर घेऊन बाह्यांचे लोंबते धागे कापत होत्या. सगळे होते तिथंच होते. कुणाला काही झालं नव्हतं. मी झोपलेली असतानासुद्धा कुणाला काही होत नाही, ताई.

एक तुमच्यापुरतं लिहिते. मागं आई तुमच्याकडून दोन दिवसांत परत आल्या, तेव्हा तुम्हाला लागलं होतं. तुमचं काही चुकलं नव्हतं. तुमची ती मागची खोली शांत आहे ना, तिथं त्यांना झोपच लागली नाही. लेकीनं एवढी छान खोली दिली आणि आपल्याला हवा खडखडाट, हे सांगायला त्यांना लाज वाटली. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "पोरीनं उशीला नवा अभ्रा घातला होता गं. त्याच्यावर रात्रभर टक्क जागी होते."

डॉक्टरला दाखवायचं तर दाखवू, तेवढं मी अडवत नाही. सकाळी जाऊ, जेवायच्या आत परत. पण न्यायचं नाही. मोठ्या नणंदेला मी असं कधी बोलले नाही, तुम्ही म्हणाल त्याला मान हलवत आले. या वेळी नाही. तुमच्या मनात येईल, हिला पोर सांभाळायला बाई हवी म्हणून ठेवून घेते. हो, मला आई हव्यात. पिटुकलीसाठी हव्यात आणि माझ्यासाठी हव्यात. पण त्यांना त्यांची दुपार हवीय, उशिरानं मिळालेली, आणि ती त्यांना इथं मिळते.

तुम्ही या मात्र. रविवारी याच. आई म्हणतात, तुम्हीसुद्धा दुपारी कधी पाठ टेकत नाही, सकाळपासून नुसत्या भिरभिरत असता. तुमचीही पाळी लावू. मी मशीन चालवते, तुम्ही दोघी झोपा. बघू कोण जास्त घोरतं.

आई केव्हाच्या उठल्यात आणि हाका मारतायत, पत्र पुरे, तुझी पाळी सुरू झाली म्हणून. पिटुकलीला घेऊन बाहेर ओट्यावर गेल्यासुद्धा. पडते आता. उठल्यावर पाकीट चिकटवीन.

तुमची,
भावजय