खाट नऊच्या तळहाताला दुसरा पापुद्रा मिळण्याबाबत

प्रति,
मा. विभागप्रमुख,
जळीत विभाग.

विषय: सुनेने आपल्याशी खोटे बोलल्याची तक्रार, व तिला दुसरा पापुद्रा मिळणेबाबत.
संदर्भ: खाट नऊ, उजवा तळहात.

महोदय,

१. अर्ज करते की, खाट नऊवरची माझी सून खोटारडी निघाली. तळहातावर लावलेला कातडीचा पापुद्रा खाज सुटली म्हणून स्वतःच ओढला, असे तिने आपल्याला सांगितले. साफ खोटे. ती गोळी घेऊन झोपली होती. पापुद्रा मी काढला. आपण विचारलेत तेव्हा मी खाटेपाशीच उभी होते. तोंडाची मला कधी वानवा नाही, नेमकी तेव्हाच दातखीळ बसली.

२. आमची लाँड्री आहे. तिथेच वाफेच्या इस्त्रीखाली तिचा हात भाजला. कापडाला चिकटलेले सोडवण्यात माझा जन्म गेला. पट्टी सैल झाली होती, आत बुळबुळीत, धुरकट काहीतरी दिसले. घाण समजून कोमट पाण्याने सोडवले. वर नर्सबाईंनाच ऐकवले, की पट्टी अशी सैल बांधतात का.

३. मग प्रयोगशाळेच्या डॉक्टरीणबाईंनी जवळ बसवून सांगितले, "आजी, त्या पापुद्र्यावर सुनेच्याच कातडीच्या पेशी वाढवल्या होत्या. पेशी अधांतरी जगत नाहीत, खाली प्रथिनांची जाळी लागते. त्या प्रथिनाचा एक भाग पेशीला धरून ठेवतो, दुसरा तिला वाढ म्हणून सांगतो. पकडच सुटली, तर सांगून काय उपयोग? मरतात त्या." तो मीच काढला हे बाईंना ठाऊक नव्हते; रागावल्या असत्या तर बरे होते, मला भांडता आले असते.

४. आता कागदावर "रुग्ण सूचना पाळत नाही" असा शेरा मारून दुसरा पापुद्रा नाकारला आहे. जखम अशीच भरली तर बोटे आखडतील, हात उघडणार नाही. तरी तो शेरा माझ्यावर मारावा. मला वॉर्डात बंदी करावी, किंवा भेटीच्या वेळी माझे हात खुर्चीला बांधावेत. गाठ मी शिकवीन, आपल्या लोकांच्या गाठी सुटतात हे पट्टीवरून दिसलेच. माझी कातडी चालत असेल तर कुठलीही घ्यावी. चालत नाही म्हणतात, तरी एकदा नीट बघावे.

हात जोडून, पण मान ताठ ठेवून,
आपली नम्र,
रुग्णाची सासू
(सही केली आहे, अंगठा नाही.)
दिनांक: ९ ऑक्टोबर

सोबत: नर्सबाईंसाठी माफीची चिठ्ठी.

ता. क. अर्ज सुनेला वाचून दाखवला. म्हणाली, "आई, राहू द्या ना. चारचौघांत तुमची शोभा होईल." तेव्हा वॉर्डभर ऐकू जाईल असे मी तिला सांगितले, "होऊ दे. चूक मी केली. माझ्या चुकीवर तुझा काही हक्क नाही."