विचारल्याशिवाय बोलायचं नाही

१७ नोव्हेंबर, सोमवार
चाचणी म्हणे! विमानं खोटी, पडद्यावरचं आभाळ खोटं, हुकूम तेवढा खरा — दोन विमानांतलं अंतर आता पायलटांनीच राखायचं. कंट्रोलरनं नुसतं बघायचं. विचारल्याशिवाय बोलायचं नाही! सव्वीस वर्षं टॉवरमधी विमानं सांभाळली, आता मी काय बुजगावणं? यात डाव आहे. आधी काम काढतील, मग खुर्ची.

मुख्यालयातनं अपेक्षा नावाची बाई आलीय. माझ्या पाठीमागं बसते, वहीत लिहिते. "राहतभाई, तुम्ही नेहमीसारखं बसा." पाठीवर कुणाची नजर असताना नेहमीसारखं बसता येतं व्हय?

१८ नोव्हेंबर
आज तिनं सतरा वेळा लिहिलं. मोजलं मी.

१९ नोव्हेंबर
शेजारच्या खोलीत ती खोटी विमानं चालवायला दोघं पायलट बसतात — छावणी भागात राहणारे याह्यासाहेब, आता निवृत्त, आणि नव्या दमाचा शिवम. जेवणाच्या सुट्टीत अपेक्षा त्यांच्याशी कुजबुजत होती. मी गेलो तर सगळे गप्प!

घरी बायकोला, उजमाला सांगितलं. म्हणाली, "तुम्हाला तर दूधवाल्याचाही संशय येतो." येतोच. दूध पातळच असतं त्याचं.

२० नोव्हेंबर
झालं एकदाचं! पडद्यावर दोन्ही विमानं एकाच उंचीवर, समोरासमोर. मला चाळीस सेकंद आधीच दिसलं. बोट माइकच्या बटणावर होतं. पण विचारलं का कुणी? नाय! मग बसलो. दोन्ही ठिपके एकमेकांत घुसले.

याह्यासाहेब घामाघूम होऊन बाहेर आले. "मला वाटलं शिवम वळेल." शिवमला वाटलं, साहेब वळतील. वर मलाच म्हणतात, "राहतभाई, तुम्ही गप्प होतात, म्हणून वाटलं सगळं ठीक आहे!" घ्या! मी पहिल्या दिवसापासून हेच सांगत होतो. लई बरं वाटलं. येताना गुलमंडीवरनं मिठाई आणली.

२१ नोव्हेंबर
अपेक्षानं वही माझ्यापुढं ठेवली. माझ्याविरुद्ध एक अक्षर नाय. "कंट्रोलरला धोका दिसला. बोट बटणावर होतं. नियमानं त्यांचं तोंड बांधलं. ही पद्धत नको." म्हणाली, "तुमची खुर्ची कुठं जात नाही, राहतभाई. तेवढी साक्षीदार म्हणून सही करा."

असले नियम मी कैकदा मोडलेत. काल तोंड बांधलं नव्हतं कुणी. ती दोन विमानं आदळावीत असं मला वाटत होतं.

सही केली.