दाराबाहेरचा सोफा

आदरणीय व्याहीबुवा आणि विहीणबाई, तुम्हा दोघांना आम्हा दोघांचा नमस्कार.

पत्राच्या सुरुवातीला आपण खुशाल असल्याचं कळवायचं असतं, म्हणून कळवतो. माझा गुडघा, हिचं पित्त आणि न्हाणीघरातला नळ, तिघेही तुम्ही पाहून गेलात तसेच आहेत. तुमची पाठ कशी आहे? विहीणबाईंचा मोतीबिंदू काढून झाला का? लेकीला विचारलं तर ती म्हणते, सगळे मस्त. हल्ली कुणालाही काहीही विचारा, सगळे मस्तच असतात. अहो, समोरचा माणूस एवढी चौकशी करतोय तर त्याच्या हातावर एखादं लहानसं दुखणं तरी ठेवावं. पूर्वी आमच्या ऑफिसात "काय, कसं काय" म्हटलं की लोक खुर्ची ओढून तासभर स्वतःचं पोट, सासुरवाडी आणि साहेब यांची हकिकत सांगायचे. ऐकून कान किटायचे ही गोष्ट वेगळी.

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. फोन करून पाहिला. पण तुम्ही तो स्पीकरवर टाकता, मग माझं बोलणं तुमच्या घरातल्या झाडूपर्यंत सगळ्यांना ऐकू जातं, आणि मी मुद्द्यावर यायच्या आत तुम्ही खणखणीत आवाजात विचारता, "सोफा कसा आहे?" त्यावर गेला महिनाभर मी "उत्तम" एवढंच उत्तर देत आलो आहे. ते खोटं नाही. सोफा उत्तमच आहे. फक्त तो घरात नाही.

चोरीला गेलेला नाही, काळजी करू नका. दाराबाहेर आहे. त्याचं असं झालं की मागच्या खेपेला तुम्ही आमच्या दिवाणावर बसलात आणि उठताना एक हात भिंतीला आणि एक माझ्या खांद्याला लावलात. तोंडातून चकार शब्द काढला नाहीत, पण चेहरा काय बोलायचं ते बोलला. निघताना तुम्ही दाराच्या चौकटीवर हात ठेवून बोटं पसरलीत, पुन्हा पुढे सरकवलीत. मी हिला म्हटलं, व्याही किती मायाळू आहेत बघ, जाताना दारावरूनसुद्धा हात फिरवून गेले. तुम्ही विती मोजत होता हे तुम्ही भेट पाठवलेला सोफा घेऊन टेम्पो दारात उभा राहिला तेव्हा आमच्या डोक्यात आलं. आता तुमच्यासारख्या इंजिनिअर माणसाने मापपट्टी मागितली असती तर आम्ही काय नाही म्हटलं असतं? पण तुम्ही भिडेपोटी मागितली नाहीत, आणि आम्ही भिडेपोटी विचारलं नाही. तुमचं माप चौकटीपुरतं बरोबरच होतं. पण चौकटीच्या आत आमचा जाळीचा दुसरा दरवाजा आहे ना, तो चार बोटं जागा खातो. (हा दरवाजा सगळ्या बिल्डिंगने एकदम बसवून घेतला. कारण काय, तर कुणाच्या तरी दारातून चपला चोरीला गेल्या. दरवाजे आले, चपला अजून बाहेरच असतात.)

सोफा आणणारे तिघं होते. त्यांनी तो सरळ घालून पाहिला, आडवा घालून पाहिला, मग उभा केला. ही आतून "डावीकडे घ्या" म्हणत होती आणि मी बाहेरून "उजवीकडे". शेवटी त्यांनी हात टेकले आणि कंपनीचा नियम सांगितला, की माल दारापर्यंत पोचवायचा, पुढचं गिऱ्हाइकाने बघायचं. मग त्यांच्यातल्या एकाने मोबाइल पुढे केला आणि त्याच्या काचेवर बोटाने सही करा म्हणाला. हेडक्लार्कच्या खुर्चीत बसून ज्या सहीवर मी आयुष्य काढलं, ती तिथे गांडुळासारखी उमटली. त्याला चालली. नंतर सोफ्याचा आणि माझा एकत्र फोटो काढला, आणि पाच तारे द्या म्हणून गळ घातली. सोफा बाहेर, मी बाहेर आणि वर तारे द्यायचे. दिले. उगाच गरिबाच्या पोटावर पाय कशाला.

तर असा तुमचा सोफा आमच्या जिन्याच्या चौकात, दोन दारांच्या मध्ये, भिंतीला पाठ लावून बसला. पहिले दोन दिवस मला दार उघडायची लाज वाटत होती. समोरचे बिऱ्हाडकरू काय म्हणतील? (खरं म्हणजे समोर कोण राहतं हेच मला धड माहीत नव्हतं. त्यांच्या चपलांचं कपाट तेवढं ओळखीचं होतं. त्यातल्या पिवळ्या बुटांवर माझा विशेष राग होता.) तिसऱ्या दिवशी पिवळे बूट सोफ्यावर बसलेले दिसले. आत एक तरुण गृहस्थ होते, कानांवर हेडफोन आणि मांडीवर लॅपटॉप. मला पाहून त्यांनी एक कान उघडा केला आणि सांगितलं की काका, इथे रेंज चांगली येते. इतक्या वर्षांच्या शेजारातलं हे आमचं पहिलं संभाषण. आता ते रोज दुपारी तिथे बसून ऑफिस करतात. आम्ही त्यांना हेडफोन म्हणतो. त्यांना ते माहीत आहे, आणि आम्ही जाळीआडून डोकावतो म्हणून ते आम्हाला जाळीवाले म्हणतात हे आम्हाला माहीत आहे. पार्सलवाले हल्ली घंटी वाजवून पळत सुटतात, मागे वळूनही पाहत नाहीत. तेसुद्धा सोफा दिसला की टेकतात, पाणी मागतात. ही देते. आतून बाहेर पाणी न्यायचा हिला कंटाळा येतो म्हणून तिने एक तांब्या बाहेरच ठेवलाय. आमचं घर दरवाज्यातून बाहेर सांडायला लागलं आहे, व्याहीबुवा.

आता मुद्द्याचं सांगतो. एका संध्याकाळी मी दार उघडलं तर सोफ्यावर एक म्हाताऱ्या बाई बसलेल्या. चपला काढून शेजारी नीट जोडून ठेवलेल्या, हातात रिकामी पिशवी, धाप लागलेली. मी दारात कपाळाला आठ्या घालून उभा राहिलो. (ओळख ना देख, दुसऱ्याच्या सोफ्यावर बसायचं म्हणजे काय?) त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सरकून जागा केली. "बस की रे," म्हणाल्या. माझ्याच दारात, माझ्याच सोफ्यावर, मला. बसलो.

या आमच्या चौथ्या मजल्यावरच्या आजी. वर कुणी राहतं एवढंच आम्हाला ठाऊक होतं. बिल्डिंगला लिफ्ट नाही, ती होणार होणार म्हणून आम्ही केस पांढरे केले. चार जिने एका दमात चढणं आजींना जमत नाही आणि मध्ये टेकायला कुठे काही नाही, म्हणून त्यांनी खाली उतरणंच सोडून दिलं होतं. उतरायला काही नाही हो, परत यायचं कसं? त्यांच्या खिडकीतून मागची भिंत दिसते. परगावी असलेला मुलगा सगळं काही मोबाइलवरून मागवून देतो, औषधं, भाजी, साबण. त्या दिवशी पार्सलवाल्याने बोलता बोलता त्यांना सांगितलं की दुसऱ्या मजल्यावर बसायची सोय झाली आहे, आणि आजी पिशवी घेऊन निघाल्या. निम्मी वाट तुमच्या सोफ्यापर्यंत आणि निम्मी तिथून पुढे. आता त्या रोज संध्याकाळी कोपऱ्यापर्यंत जातात, भाजीवाल्याशी मनसोक्त भांडतात आणि परत येताना आमच्याकडे थांबून ते भांडण पहिल्यापासून सांगतात. मी कुरकुर करण्यात स्वतःला थोडाफार जाणकार समजत होतो, पण आजींपुढे मी म्हणजे शिकाऊ उमेदवार. दुधाच्या पिशव्या, लोकांचं चालताना मोबाइलमध्ये बघणं, हेडफोनचे पिवळे बूट, माझं पोक काढून बसणं, त्यांच्या तडाख्यातून कुणी सुटत नाही. हेडफोन तर त्या आल्या की दोन्ही कान उघडे करतात.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना गेल्या आठवड्यात आमचे सेक्रेटरी नोटीस घेऊन वर आले. सामायिक जागेत खासगी फर्निचर ठेवता येत नाही, रविवारपर्यंत उचलावं, नाहीतर सोसायटी ते खाली नेऊन भंगारवाल्याला देईल, असा मजकूर. जिना चढून त्यांना दम लागला होता, म्हणून माझी पोच घेईपर्यंत ते सोफ्यावरच बसले होते. तांब्यातलं पाणीही प्यायले. मी त्यांना आजींचं सांगितलं. ते म्हणाले की तुम्ही कशाला जिवाला लावून घेता, त्यांना काय लागेल ते आपण वर पाठवू. माणूस वाईट नाही हो. पण त्यांनी आयुष्यभर नोटिसा लावल्या, लोक येऊन त्या वाचतात याचीच त्यांना सवय. संध्याकाळी मी हे आजींच्या कानावर घातलं. मला वाटलं, आता सेक्रेटरींची काही धडगत नाही. पण त्या रागावल्या नाहीत. पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत बसल्या आणि मग म्हणाल्या, "वर सगळं येतं रे. मला खाली जायचं असतं."

 व्याहीबुवा, मला फार वाईट वाटतंय आणि ते मी सरळ लिहितो, कारण फोनवर मी पुन्हा "उत्तम" म्हणून मोकळा होईन. सोफा माझ्या दारात आहे म्हणून ही बाई संध्याकाळी रस्ता पाहते. तो गेला की ती परत त्या भिंतीसमोर. आणि तुम्ही दोघं येणार तेही नेमके याच रविवारी. दारात यायच्या आधी सगळं तुमच्या कानावर घालावं म्हणून हा प्रपंच. जावईबापूंना आशीर्वाद, लेकीला सांगा की आम्ही मस्त आहोत. तुमच्या मनात आमच्याविषयी माया आहे हे काही वेगळं सांगायला नको, तिच्यावर तिघांना बसता येतं.

तुमचा,
व्याही

ता. क. एक गोष्ट लिहायची राहिली. सोफा घरात येऊ शकतो. दुसऱ्या आठवड्यात माझा चष्मा सोफ्याखाली गेला, तो काढायला वाकलो तर खालच्या बाजूला चिकटपट्टीने लावलेला एक लहानसा पाना हाताला लागला. पाय फिरवून सुटतात आणि पाठही वेगळी होते. हे तुम्हाला इंजिनिअर म्हणून ठाऊक असणारच. पाना मी दाढीच्या डब्यात लपवून ठेवला आहे. रविवारी सेक्रेटरी भेटले तर कृपया मूग गिळून बसावं आणि आल्या आल्या सोफ्याखाली वाकून पाहू नये.

पुन्हा ता. क. आता खरी विनंती. सोसायटीच्या नियमात एक बारीक कलम आहे. सभासद नसलेल्या माणसाची वस्तू आवारात तात्पुरती ठेवलेली असेल, तर मालक स्वतः येऊन नेईपर्यंत तिला कुणी हात लावायचा नाही. (हे कलम घातलं सेक्रेटरींनीच. त्यांच्या मेहुण्याची स्कूटर कैक वर्षं जिन्याखाली तात्पुरती उभी आहे.) तेव्हा तुमच्या त्या इंजिनिअरच्या गोल शिक्क्याच्या कागदावर दोन ओळी लिहून आणाव्यात, की सदर सोफा माझ्या मालकीचा असून मी तो सवडीने घेऊन जाईन. म्हणजे तुम्ही प्रेमाने दिलेली भेट मी तुम्हाला साभार परत करतो आहे. राग नसावा. आणि काही झालं तरी ती नेऊ नये.

विहीणबाई, आता मी लिहिते. हे जरा पडले आहेत. यांनी तुम्हाला कलमाचं लिहिलं ते वाचलं. ते कलम मला सेक्रेटरींनी सांगितलं, नोटीस देऊन खाली उतरताना, हळूच. म्हणाले, हेडक्लार्क आहेत, त्यांच्या समोर नियमाची वही उघडून ठेवा, त्यांना बरोबर सापडेल. सापडलं. दोन दिवस आनंदात आहेत, तुम्हीही काही बोलू नका. पाना दाढीच्या डब्यात नाही, तो मी आजींकडे दिलाय. रविवारी तुम्ही बाहेरच बसा, दिवाणावर नको. आजी तुमच्यासाठी फुलं आणायला स्वतः खाली जाणार आहेत. तुम्ही दोघं बसलात तरी एक जागा उरते, तेवढी त्या परत येईपर्यंत धरून ठेवा.