दालचिनी साखरेवर

३ डिसेंबर
थंडी पडली आणि धंदा चालू लागला. आज कामरगावच्या बाजारात सुंठ संपली, मिरे संपत आले. लाडवांसाठी डिंक आणि जायफळ मागणाऱ्या बायकांची ही गर्दी. घसा बसेपर्यंत ओरडले, "सुंठ खोकल्यावर, लवंग दातावर, दालचिनी साखरेवर!" हे शेजारी बसून पुड्या बांधत होते. एका पायात चप्पल नाही. विचारलं तर म्हणे, "अंगठ्याले चावली. तू गिऱ्हाईक पाह्य."

६ डिसें.
तुरीच्या सोल्यांचा, म्हणजे ओल्या दाण्यांचा, भात केला. घरच्या डब्यात दालचिनी निम्मीसुद्धा नाही. उंदीर काही दालचिनी खात नाहीत. यांना विचारलं. "चहात टाकतो, थंडी हाय." चहा रोज मी करते!

७ डिसें.
आज जबरदस्तीने पाय पाहिला. वर हळद-लवंगेचा लेप थापलेला. पुसला तर खाली जखम, कडा काळपट. दुखत नाही म्हणतात.  उद्या काही झालं तरी दवाखाना.

८ डिसें.
कारंज्याला दवाखान्यात. साखर भलतीच वाढलेली. डॉक्टरांनी विचारलं, साखरेच्या गोळ्या घेता ना?  हे खाली बघून, "दिवाळीपासून सोडल्या. रोज सकाळी दालचिनीचं पाणी पेतो. आमची बायकोच सांगते नं बाजारात, दालचिनी साखरेवर. लोकं तिच्या भरवशावर नेतात. मंग मी गोळ्या कायले खाऊ?"
डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणाले, दालचिनी भातात चांगली, पण ती गोळीच्या जागी चालत नाही. आता गोळ्या आणि वर इन्सुलिन. अंगठ्याचं काय ते चौदा तारखेला बघून सांगतील. ठेवायचा की...

९ डिसें.
भांडण. मी म्हटलं, "अहो, ते गिऱ्हाइकासाठी असते! घरच्या माणसानं कायले खरं धरावं?"
"मंग गिऱ्हाइकाले खोटं सांगते का तू?"
 ही ओरड मला सासूबाईंनी शिकवली, त्यांना कोणी शिकवली देव जाणे. कधी विचारही केला नव्हता. राग सासूबाईंचा येतो आहे की स्वतःचा, कळत नाही.

१० डिसें.
बाजार. हे घरी. "सुंठ खोकल्यावर, लवंग दातावर..." आणि जीभ अडली. इंझोरीची मावशी दर बाजारी दालचिनी नेते. म्हणाली, "पुढचं काहून नाही म्हणत वं?"
"मावशी, गोळ्या घेता नं तुमी साखरेच्या?"
हसली. "त्या कवाच्याच सोडल्या. तुह्या दालचिनीनं बरं हाय मले."
बांधलेली पुडी हातातच राहिली. आधी डॉक्टरले दाखवा म्हटलं. "माल देत नाही त राहू दे," म्हणून तणतणत समोरच्या दुकानात गेली. तिथे मिळालीच असेल.

१३ डिसें.
गोळी माझ्यासमोर गिळतात, तोंड वाकडं करून. सुई टोचायला मी शिकले. सकाळी पट्टी बदलताना पाय हातात घेतला, गार लागला. म्हणाले, "थंडी किती हाय पाह्य नं."
मी हो म्हटलं. मग दुसऱ्या पायाला हात लावला. तो गरम होता.
 दोन्ही पायांत मोजे चढवले. उद्या कारंजा, पहिल्या गाडीने.